ऑफिसमधल्या वासांचा त्रास होतोय? डायरीपासून साहेबांशी बोलण्यापर्यंत सगळं नीट सांगते

इंदूरला, विजयनगरमधल्या एका प्रायव्हेट ऑफिसात मी अकाउंट्स बघते, अकरा वर्षं झाली. दुसरा मजला, काचेच्या बंद खिडक्या, चार स्प्लिट एसी, वीस-बावीस माणसं. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला रोज साडेअकराच्या सुमारास खोकल्याची उबळ यायला लागली, घसा आवळल्यासारखा व्हायचा आणि दुपारपर्यंत डोकं इतकं जड की टॅलीवरचे आकडे दोन-दोनदा बघायला लागायचे. घरी राजेंद्रनगरला पोचले की तासाभरात बरं वाटायचं आणि रविवारी तर काहीच नाही. मला वाटलं अ‍ॅसिडिटी, सासूबाईंना वाटलं हवा बाधली, ऑफिसात सगळे म्हणाले क्लोजिंगचं टेन्शन घेतेस. यातच सहा महिने गेले. तुमचे तसे जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहितेय, जरा लांब होईल पण वाचा.

आधी एक गोष्ट, कारण इथेच बहुतेक जण अडकतात. आपल्याकडे सुवास ही द्यायची गोष्ट आहे. हळदीकुंकवाला हातावर अत्तर लावतात, लग्नात दारात गुलाबदाणी घेऊन कुणीतरी उभं असतं, आणि पंचोपचार पूजा म्हणाल तर गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, म्हणजे पाचातले तीन उपचार सुवासाचेच. अशा घरात वाढलेल्या माणसाला आपण म्हणालो की मला हा वास सहन होत नाही, तर त्याला ऐकू येतं की तुम्ही केलेला मान मला नको. म्हणून तो दुखावतो, आणि म्हणून आपणही गप्प बसतो. यावर मला जो उपाय सापडला तो एवढाच की माणसाबद्दल बोलायचंच नाही, बोलायचं ते वस्तूबद्दल, जागेबद्दल आणि वेळेबद्दल. कुठली वस्तू, कुठे ठेवलीय, किती वाजता वापरली जाते. पुढचं सगळं याच धाग्यावर आहे.

पहिलं काम: आपला त्रास कोणत्या जातीचा ते ओळखा

वासाचा त्रास म्हणून आपण चार-पाच वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरतो. त्यांचे डॉक्टर वेगळे, तपासण्या वेगळ्या आणि ऑफिसात मागायची सोयही वेगळी, म्हणून हे आधी.

वास आला की थोड्या वेळात खोकला, छातीत घरघर, दम लागणं असं होत असेल तर दम्याच्या बाजूने विचार करा. इथे एक फार महत्त्वाचं आहे जे मला उशिरा कळलं. परफ्यूमने दमा उसळतो तो बहुतेक वेळा खऱ्या अर्थाने अ‍ॅलर्जीमुळे नाही, तर आधीच नाजूक झालेल्या श्वासनलिकांना ती रसायनं टोचतात म्हणून. त्यामुळे रक्ताचं भलंमोठं अ‍ॅलर्जी पॅनल करून ते नॉर्मल आलं तरी तुमचा त्रास खोटा ठरत नाही. मी ते पॅनल केलं, पैसे घातले, नॉर्मल आलं आणि ऑफिसात ऐकून घेतलं, 'रिपोर्ट तो नॉर्मल है ना मॅडम'. तुम्ही आधी स्पायरोमेट्री करा, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायची तपासणी.

घसाच आवळतो, श्वास आत घेताना अडकतो, आवाज बसतो आणि इन्हेलर घेऊनही फरक पडत नाही, असं असेल तर ते स्वरयंत्राचंही असू शकतं. स्वरतंतू नको त्या वेळी मिटतात आणि तीव्र वासाने हे होतं. यासाठी कान-नाक-घशाचे डॉक्टर, आणि श्वासाचे व्यायाम शिकवणारे स्पीच थेरपिस्ट.

डोकं एका बाजूने ठणकणं, मळमळ, उजेड नकोसा होणं, हे मायग्रेनचं. मायग्रेनवाल्यांना वास सहन न होणं हे अगदी नेहमीचं लक्षण आहे आणि काहींना वासानेच अटॅक सुरू होतो. एकदा आला की चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालू शकतो, म्हणजे सकाळच्या पाच मिनिटांच्या फवाऱ्याने अर्धा आठवडा वाया.

आणि कातडीचं वेगळंच असतं. हात, मान, पापण्या, काखा इथे खाज, चट्टे. हे लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येतं, त्यामुळे कशामुळे आलं ते लक्षातच येत नाही. यासाठी चर्मरोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट होते. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, साधारण ४८ तासांनी काढतात आणि पुन्हा दोन दिवसांनी बघतात. त्यात फ्रॅग्रन्स मिक्स नावाची सुगंधी द्रव्यांची मिश्रणं आणि पेरू बाल्सम, म्हणजे एका झाडाचा सुगंधी चीक, असतं. पट्ट्या असताना पाठ भिजवायची नाही, म्हणून इंदूरच्या मे महिन्यात करू नका, घामाने पट्ट्या सुटतात, थंडीत करा.

एक सांगून ठेवते. वाक्य पूर्ण बोलता येत नाही इतका दम लागला, ओठ निळसर झाले, इन्हेलरने आराम पडत नाही, तर डायरी-बियरी काही नाही, सरळ १०८ ला फोन आणि हॉस्पिटल.

तीन आठवड्यांची डायरी

माझ्या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त कामाला आली ती ही डायरी, म्हणून यावर जरा थांबते.

साधी वही घ्या, मोबाईल नको, कारण मोबाईलमध्ये लिहून आपण परत बघत नाही. रोज पाच गोष्टी: वेळ, मी कुठे बसले होते, काय वास होता किंवा काय चालू होतं, काय झालं, किती वेळाने उतरलं. ज्यांना छातीचा त्रास आहे त्यांनी पीक फ्लो मीटर घ्या. प्लास्टिकची नळी असते, जोरात फुंकायचं, श्वास जितका जोरात बाहेर पडेल तितका काटा पुढे सरकतो. मला सहाशेच्या आसपास पडला, मेडिकलवाल्याने दुसऱ्या दिवशी मागवून दिला. दर वेळी तीनदा फुंकायचं आणि त्यातला मोठा आकडा लिहायचा. दिवसातून चार वेळा तरी फुंका, उठल्यावर, ऑफिसात पोचल्यावर, दुपारी, रात्री, आणि सुट्टीच्या दिवशीही न चुकता, कारण खरी गंमत कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस यांच्या फरकात असते. आपल्या स्वतःच्या सगळ्यात चांगल्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या खाली काटा गेला की सावध व्हायचं, ५० च्या खाली म्हणजे धोका.

माझ्या वहीतलं एक पान तसंच्या तसं देते:

मंगळवार. घरून निघताना ३८०. १०.३० पूजा, अगरबत्ती, माझ्यापासून चार टेबलं लांब. काही नाही. १०.५० पर्यंत ठीक. ११.१५ प्रिंटरपाशी व्हाउचर काढायला गेले, दहा मिनिटं. ११.२५ घसा, खोकला. ११.४० ला २९०. दुपारी गॅलरीत जेवले, ३३०. घरी आठ वाजता ३७०.

मी सहा महिने मनातल्या मनात अगरबत्तीला दोष देत होते आणि वही म्हणत होती प्रिंटर. प्रिंटरच्या वर बघितलं तर भिंतीवर पांढरा डबा, दर पंधरा मिनिटांनी फुस्स करणारा रूम फ्रेशनर, आणि बरोबर त्याच्यावर एसीचा झोत. म्हणजे तो फवारा आख्ख्या हॉलमध्ये वाटला जात होता, प्रिंटरपाशी फक्त सगळ्यात दाट. समजा मी वहीशिवाय साहेबांकडे गेले असते तर पूजेवरून विनाकारण वाईटपणा घेऊन बसले असते आणि डबा तिथेच राहिला असता.

कशाचा संशय आला की एक आठवडा ती एकच गोष्ट बंद करून बघा, बाकी सगळं तसंच ठेवा. आमच्या ऑफिसबॉय भैयांना मी सांगितलं, फक्त पाच दिवस याचा सेल काढून ठेवता का. त्यांनी काढला. कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि माझा दुपारचा आकडा ३५० च्या खाली एकदाही गेला नाही.

डॉक्टरांकडून कागद घेताना

नुसतं 'ॲलर्जी आहे, काळजी घ्यावी' असं लिहून आणू नका, त्याचा काही उपयोग होत नाही. वही दाखवा आणि डॉक्टरांना विनंती करा की तीन ओळी हव्यात: निदान काय, कशाने वाढतं (फवारे, धूर, तीव्र परफ्यूम, असं नाव घेऊन), आणि कामाच्या जागी काय बदल केला तर त्रास कमी होईल. सगळी औषधं, सगळे रिपोर्ट ऑफिसला द्यायची गरज नाही, तेवढ्या तीन ओळी पुरतात. आणि दम्याचं निदान झालं असेल तर रोजचा इन्हेलर रोज घ्या, इन्हेलरची सवय लागते वगैरे आपल्याकडे लोक बोलतात त्यावर जाऊ नका. औषध नीट चालू असलं की नळ्या कमी चिडतात आणि मग थोड्याफार वासाने इतकं होत नाही. ऑफिस बदलेल पण शंभर टक्के कधीच बदलणार नाही, हेही खरंच आहे.

स्वतःच्या वस्तू बघून घ्या

साहेबांकडे जायच्या आधी हे करा म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. कपड्यांचा साबण, कंडिशनर, डोक्याचं तेल, डिओ, हँडक्रीम. डब्यावर मागे 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' असा एकच शब्द असतो आणि त्या एका शब्दात डझनावारी रसायनं मावतात. युरोपात २००५ पासून २६ सुगंधी द्रव्यांची नावं लेबलवर वेगळी लिहावी लागतात आणि २०२३ च्या नव्या नियमाने ती यादी ८० च्या वर गेलीय, म्हणून बाहेरून आलेल्या डब्यावर लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, युजेनॉल अशी नावं दिसतात. पॅच टेस्टमध्ये तुमचं जे निघालं ते नाव तिथे शोधायचं. दोन शब्दांत फसू नका, 'फ्रॅग्रन्स फ्री' म्हणजे सुगंधी द्रव्य घातलेलं नाही, पण 'अनसेंटेड' म्हणजे वास येत नाही एवढंच, कधी कधी मूळ वास झाकायला त्यात दुसरं सुगंधी द्रव्य घातलेलं असतं. आणि नैसर्गिक म्हणजे सुरक्षित असंही नाही. लवंगेतला युजेनॉल, लिंबाच्या सालीतला लिमोनीन हे निसर्गातलेच आहेत.

हवा कुठून येते आणि कुठे जाते

यावर कुणी बोलत नाही आणि खरं काम इथेच होतं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. आहे तीच हवा ओढतो, गार करतो, परत सोडतो. म्हणजे दहा वाजता मारलेला फवारा, पोछ्याचं फिनाईल, वीस जणांचे डिओ हे सगळं संध्याकाळपर्यंत त्याच खोलीत गरगरतं. तेव्हा सकाळी उघडल्या उघडल्या पंधरा-वीस मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडायला सांगा, एसी लावायच्या आधी. शब-ए-माळवा म्हणतात तसं आपल्याकडे रात्र गार असते, सकाळी हवा गारच मिळते, अगदी एप्रिलमध्येसुद्धा, त्यामुळे विजेच्या बिलाचं कारण कुणी देऊ शकत नाही.

संडास-बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन ऑफिस चालू असेपर्यंत चालूच राहायला हवा. तपासायची युक्ती सांगते. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी फाडा, बाथरूमचं दार लावून खालच्या फटीपाशी धरा. पट्टी आत ओढली गेली तर बरोबर, हवा ऑफिसातून बाथरूममध्ये आणि तिथून बाहेर जातेय. पट्टी हललीच नाही किंवा तुमच्याकडे फडफडली तर फॅन बंद आहे, जाळी धुळीने बुजलीय किंवा उलटा बसवलाय. आमचा बुजला होता, जाळीवर बोटभर काळा थर, इलेक्ट्रिशियनने वीस मिनिटांत साफ केला.

हवा खेळती आहे का ते कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या मीटरने कळतं. बाहेरच्या हवेत साधारण ४२० च्या आसपास आकडा असतो, हॉलमध्ये १००० च्या वर जायला लागला की समजायचं हवा शिळी झालीय. मीटर वास मोजत नाही, पण आकडा दाखवला की साहेब ऐकतात, तोंडाने सांगितलेलं ऐकत नाहीत.

एअर प्युरिफायर घेत असाल तर नीट ऐका. हेपा फिल्टर धूळ आणि धुराचे कण धरतो, वास म्हणजे वायू, तो त्यातून निघून जातो. वासासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो, तोही चांगला जाड थर, नुसती काळी जाळी नाही, आणि तो भरला की बदलावा लागतो. ओझोन सोडणारं मशीन तर अजिबात नको. ओझोन फुफ्फुसाला वाईट, आणि क्लीनर-फ्रेशनरमधल्या लिमोनीनशी त्याची प्रक्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड तयार होतो. एन-९५ मास्कचंही तसंच, धूप-धुराला उपयोगी, परफ्यूमला जवळपास नाही.

साहेबांशी बोलणं

चालता चालता, जेवताना, चार लोकांत नको. वेळ मागून घ्या, सकाळची, महिनाअखेर सोडून. वही, डॉक्टरांचा कागद आणि एक पानाची चिठ्ठी घेऊन जा. बोलायची सुरुवात आजारापासून करू नका, कामापासून करा. मी म्हणाले होते, सर, मागच्या दोन महिन्यांत मी साडेतीन दिवस हाफ-डे घेतलेत आणि दुपारच्या कामात चुका होतायत, कारण सापडलंय, आणि उपाय फुकटात होतो. फुकटात म्हटलं की ते पुढे सरसावून बसले.

चिठ्ठी अशी होती, तुम्ही हिंदीत किंवा इंग्लिशमध्ये करून घ्या:

'मला दमा आहे, डॉक्टरांचं पत्र सोबत आहे. फवारे आणि तीव्र सुगंधाने माझा त्रास वाढतो, तीन आठवड्यांची नोंद जोडली आहे. माझी विनंती अशी: एक, प्रिंटरवरचा ऑटोमॅटिक फ्रेशनर काढावा. दोन, माझं टेबल बाथरूमच्या दारापासून हलवून खिडकीपाशी मिळावं. तीन, फिनाईलचा पोछा सकाळी दहाऐवजी संध्याकाळी सुट्टीनंतर व्हावा. चार, एखाद्या दिवशी फारच त्रास झाला तर मीटिंग रूममध्ये बसून किंवा घरून काम करू द्यावं. दोन महिने करून बघू, मग पुन्हा बोलू.'

यातली शेवटची ओळ फार कामाची. कायमचं काही मागितलं की माणूस घाबरतो, दोन महिने म्हटलं की हो म्हणतो. आणि मागणी मोजकी ठेवा, चारच्या वर नको. तोंडी हो झालं तरी संध्याकाळी मेल टाका, 'आज बोलणं झाल्याप्रमाणे' असं लिहून, म्हणजे साहेब बदलले, ऑफिस हललं तरी कागद राहतो.

आणि अत्तर लावणारे काका

वस्तू आणि जागा सोप्या, माणसांशी बोलणं अवघड. आमच्याकडे एक सिनियर काका आहेत, रोज हिना लावतात, कानामागे फाया. त्यांच्या शेजारी बसून बँक रिकन्सिलिएशन करायचं म्हणजे माझा जीव जायचा. एचआरला सांगणार होते, पण मग वाटलं, ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांच्याबद्दल त्यांच्या पाठीमागे काय बोलायचं. एक गोष्ट लक्षात असू द्या, ज्याने अत्तर लावलंय त्याला स्वतःला ते थोड्या वेळाने येईनासंच होतं, नाक सरावतं. म्हणून तो आणखी लावतो. तो मुद्दाम करत नाही.

मी चहाच्या वेळी गॅलरीत गेले, म्हणाले, काका, एक मदत हवीय. मला दमा निघालाय, अत्तराने माझ्या छातीत भरतं, तुमचं म्हणून नाही, माझं स्वतःचंही सगळं बंद केलंय. ज्या दिवशी आपल्याला शेजारी बसायचंय तेवढे दिवस न लावता याल का? ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, 'अगं, मग आधी सांगायचंस ना, मला वाटायचं तू माझ्याशेजारी बसायला का टाळतेस.' इतके दिवस ते वेगळंच धरून बसले होते आणि मी वेगळंच. आता ते सोमवार-गुरुवार लावत नाहीत, आमचं रिकन्सिलिएशन त्या दिवशी असतं.

त्यातून तुमच्यासाठी काय, तर एकट्याला गाठा, मदत म्हणून मागा, तब्येतीचं सांगा, आणि नेमकं किती हवंय ते सांगा. कधीच लावू नका म्हणणं वेगळं आणि सोमवार-गुरुवार म्हणणं वेगळं. ग्रुपवर 'काही लोक फार परफ्यूम मारतात' असा मेसेज टाकू नका, ज्याला लागायला नको त्याला लागतं आणि ज्याला कळायला हवं त्याला कळत नाही. ज्यांच्याशी असं बोलण्याइतकी ओळख नाही, तिथे मात्र एचआरकडून सगळ्यांसाठी एकच साधी सूचना जाऊ द्या, नाव न घेता.

पूजा

माझ्या बाबतीत अगरबत्ती मुख्य गुन्हेगार नव्हती, पण गुरुवारचा धूप व्हायचाच, आणि बऱ्याच जणांचा त्रास तोच असतो. धूर म्हणजे बारीक कण, छातीला वाईटच, वास आवडो न आवडो. पूजा बंद करा असं चुकूनही म्हणू नका, मला स्वतःलाही ते नकोय. विचारायचं ते एवढंच की लोक यायच्या आधी होईल का, आणि अगरबत्ती गॅलरीत लावता येईल का. आमच्याकडे आता सव्वादहाच्या आत पूजा होते, आत देवासमोर तुपाचं निरांजन, फूल आणि घंटा, आणि उदबत्ती ओवाळून झाली की बाहेरच्या तुळशीपाशी खोचतात. हे सुचवलं ते पूजा करणाऱ्या मॅडमनीच. त्यांना विचारलं म्हणून सुचवलं, सांगितलं असतं तर सुचलं नसतं. अगरबत्तीचे कारखाने आपल्याच शहरात, कुणाचा ना कुणाचा नातेवाईक त्या धंद्यात असतो, हेही ध्यानात ठेवून बोला.

सफाई

२०१७ पासून वर्षानुवर्षं इंदूरने स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर काढला, मला त्याचा खूप अभिमान आहे. पण यातून एक समजूत घट्ट बसलीय की फिनाईलचा घमघमाट सुटला म्हणजे साफ झालं. स्वच्छ जागेला खरं म्हणजे वासच नसतो. रोजच्या फरशीला साधं पाणी आणि थोडं बिनवासाचं लिक्विड पुरतं, फिनाईल बाथरूमपुरतं. युरिनलमधल्या रंगीत वड्या आणि डांबर गोळ्या काढायला सांगा. त्यांनी घाण जात नाही, वासावर वास चढतो, आणि डांबर गोळ्यांतलं नॅप्थलीन तर जी-६-पीडी नावाचं रक्तपेशींतलं एन्झाइम कमी असलेल्या माणसांच्या रक्तपेशींना घातक आहे.

आणि सफाईवाल्या दीदींकडेही बघा. आपण टेबल हलवून घेतो, त्या त्या बादलीवर वाकलेल्या असतात. सफाई कामगारांमध्ये कामामुळे होणारा दमा जास्त आढळतो ही माहीत असलेली गोष्ट आहे. आमच्या दीदी टॉयलेटचं ॲसिड आणि ब्लीच एकाच वेळी टाकायच्या, जास्त चमकतं म्हणून. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये हे जीवावर बेतू शकतं. त्यांना मी बाटल्या दाखवून सांगितलं, ॲसिडच्या दिवशी ब्लीच नाही, आणि दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवल्या. एवढं तरी तुमच्या ऑफिसात आजच बघा.

कायद्याचं थोडक्यात

आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय आणि 'रिझनेबल अकॉमोडेशन' म्हणजे वाजवी सोय हा शब्दही आहे, पण दमा किंवा वासाची संवेदनशीलता त्या २१ मध्ये नावाने नाही. त्यामुळे त्या जोरावर प्रायव्हेट ऑफिसात भांडायला जाऊ नका, आपली ताकद वही, डॉक्टरांचा कागद आणि बोलणं यातच. अमेरिकेत चित्र वेगळं आहे, तिथे १९९० च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली डेट्रॉइट महापालिकेतल्या एका कर्मचारी बाईंनी सहकाऱ्याच्या परफ्यूमवरून आणि फ्रेशनरवरून दावा लावला, २०१० मध्ये एक लाख डॉलरवर तडजोड झाली आणि परफ्यूम टाळा अशा सूचना लावायचं महापालिकेने मान्य केलं. तिथल्याच सीडीसी या आरोग्य संस्थेने २००९ मध्ये आपल्या ऑफिसांसाठी नियम काढला, त्यात फ्रेशनर, मेणबत्त्या, अगरबत्ती, अगदी युरिनलच्या वड्यासुद्धा बंद. साहेबांना हे सांगायला उपयोगी पडतं, म्हणजे आपण काहीतरी जगावेगळं मागतोय असं वाटत नाही.

जे स्वतः साहेब आहेत त्यांना एवढंच, कुणी असं सांगायला आलं तर 'खुशबू ही तो है' म्हणू नका. नाकाला चांगलं लागणं आणि छातीला चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रेशनरचा खर्च बंद करा, त्या पैशात एक्झॉस्ट दुरुस्त करा. मुलाखतीला येणाऱ्यांच्या मेलमध्ये 'कृपया तीव्र परफ्यूम टाळा' ही एक ओळ घाला. आणि ज्याने तक्रार केली त्याचं नाव हॉलमध्ये फुटू देऊ नका.

सणासुदीचं आधी ठरवा

दिवाळीच्या आधी ऑफिसला रंग लागतो, तेव्हा पंधरा दिवस आधी विचारून ठेवा, शनिवार संध्याकाळी सुरू करून रविवारी खिडक्या उघड्या ठेवता येतील का, ऑइल पेंटऐवजी पाण्याचा कमी वासाचा रंग घेता येईल का. तो आठवडा घरून काम मागा. रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीच्या, दिवशी तसंही ऑफिसात कुणी नसतं. गणपतीत दहा दिवस आरतीला मी दाराबाहेर उभी राहून टाळ्या वाजवते, कुणाला वावगं वाटत नाही आता.

संक्रांतीचं हळदीकुंकू मला सगळ्यात जड जायचं. पहिल्या वर्षी मी हात मागे घेतला आणि अत्तरदाणी घेऊन उभ्या असलेल्या काकूंचा चेहरा उतरलेला मला अजून दिसतो. तेव्हापासून मी आदल्या दिवशी फोन करते, 'काकू, येणार आहे, फक्त अत्तर आणि गुलाबपाणी मला नको हं, छातीला चालत नाही.' आदल्या दिवशी सांगितलं की त्यात नकार राहत नाही. यंदा सुदामानगरला एका घरी गेले तर काकूंनी अत्तरदाणी आतल्या खोलीत ठेवली होती, ज्यांना हवं त्यांनी आत जाऊन लावायचं. मला हळदीकुंकू लावलं, वाण दिलं आणि तिळगुळाच्या दोन वड्या जास्त दिल्या.